आदिवासी गावांशी स्वशासनावर चर्चा करायची आहे? आधी हा क्रम वाचा

इंदूरहून झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडे 'ग्रामसभा सक्षमीकरणा'साठी जाणाऱ्या मंडळींची कमी नाही. संस्था जातात, समाजकार्याच्या कॉलेजातली पोरं जातात, निवृत्त अधिकारी जातात, कंपन्यांच्या सामाजिक निधीवाले जातात. बहुतेकांचा हेतू चांगला असतो, पण क्रम उलटा होतो. ठरावाचा मसुदा गुरुवारी इंदुरात टाइप होतो, शनिवारी गावात सभा होते आणि सोमवारी 'आदिवासी बांधवांच्या सहभागातून' अशी बातमी येते. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारावी, तसला हा प्रकार.

म्हणून इथे फक्त क्रम आणि त्यातल्या अडचणी सांगतो. ग्रामसभेसोबत काम करणाऱ्यांना याचा उपयोग होईल आणि इंदुरात बैठक ठेवून आदिवासी प्रतिनिधींना बोलावणाऱ्यांनाही. उदाहरणं मध्य प्रदेशातली आहेत. नंदुरबार-गडचिरोलीच्या वाचकांनी नियमांची नावं आपल्या राज्याची घ्यावीत, बाकी फारसं बदलत नाही.

## टप्पा १ : सांगायचंय, विचारायचंय, की संमती हवी आहे?

गाडीत बसण्यापूर्वी हे ठरलं पाहिजे. माहिती देणं, मत घेणं आणि संमती मागणं ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही एकाच सभेत, एकाच सहीवर उरकणं हा सगळ्यात जास्त दिसणारा गोंधळ. माहितीच्या सभेचं हजेरीपत्रक पुढे संमतीचा पुरावा म्हणून फायलीत लागतं, आणि गावाला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

कायदाही हे वेगळं ठेवतो. १९९६ चा पेसा कायदा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या, म्हणजे राज्यघटनेने वेगळ्या नोंदवलेल्या आदिवासी भागांतल्या, पंचायतींचा कायदा. त्याच्या कलम ४ नुसार तिथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. वाळू-दगडासारख्या गौण खनिजांच्या पट्ट्यासाठी त्यांची शिफारस लागते. गावविकासाच्या योजना राबवण्यापूर्वी ग्रामसभेची मंजुरी लागते, आणि झालेल्या खर्चाचं प्रमाणपत्रही ग्रामसभाच देते. २०१३ चा भूसंपादन कायदा कलम ४१ मध्ये एक पाऊल पुढे जातो. तिथे सल्ल्यावर भागत नाही, पूर्वसंमती लागते. तुमचा विषय यातल्या कुठल्या खणात बसतो ते आधी लिहून काढा. कुठल्याच खणात बसत नसेल, म्हणजे नुसता अभ्यास किंवा सर्वेक्षण असेल, तरी तसं लिहा.

तपासा : एका कागदावर हा प्रश्न लिहा, 'गावाने नाही म्हटलं तर काय होईल?' उत्तर 'तरी काम होणारच' असं असेल, तर त्या सभेला संमतीची सभा म्हणू नका. गावात गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे उत्तर मोठ्याने सांगायचं आहे, हे लक्षात ठेवून लिहा.

## टप्पा २ : 'गाव' नेमकं कुठलं, ते जमिनीवर काढून घ्या

मध्य प्रदेशात पेसा २० जिल्ह्यांतल्या ८९ विकासखंडांत (ब्लॉकमध्ये) लागू आहे. इंदूरच्या बाजूला झाबुआ, अलीराजपूर आणि बडवानी हे जिल्हे पूर्ण येतात. धार आणि खरगोनचा काही भाग, खंडव्याचं खालवा, रतलामचं सैलाना हेही त्यात आहेत. इंदूर जिल्हा नाही. महू-मानपूरच्या डोंगरात भिल्ल वस्ती आहे, पण तिथे 'पेसानुसार ग्रामसभा' असं लिहिलंत तर तो कागद पहिल्याच टेबलावर अडेल. वनहक्क कायदा मात्र तिथेही लागू आहे, तेव्हा जंगलजमिनीचा विषय असेल तर त्या वाटेने जा.

दुसरी गफलत पंचायत आणि ग्रामसभा यांच्यातली. ग्रामपंचायत निवडून आलेल्या पंचांची असते. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीतले सगळे. पेसाच्या व्याख्येत तर गाव म्हणजे महसुली नकाशातलं गावच नव्हे. आपल्या रीतीप्रमाणे आपला कारभार पाहणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा गट हेही गाव असू शकतं. आपल्याकडे या वस्तीला फळिया म्हणतात. भिल्ल-भिलालांची घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर आपल्या शेतात, टेकडीच्या उतारावर. एका गावात अनेक फळिये असतात, आणि टोकाच्या फळियातून पंचायत भवनाला यायचं तर डोंगर उतरून नाला ओलांडावा लागतो.

म्हणून पहिल्या भेटीत सभा घेऊ नका. नकाशा काढा, तोही कागदावर नाही, अंगणात, खडूने किंवा राखेने. फळियांची नावं, हातपंप, शाळा, बाबदेवाचं (गावदेवाचं) ठिकाण, गुरं चारायची जागा, वनखात्याची हद्द हे सगळं गावकऱ्यांनाच मांडू द्या. दोन बायका आणि एखादा गुराखी पोरगा सोबत असेल तर नकाशा झटकन सुधारतो, कारण पाणी आणि चराई कुठे आहे ते त्यांच्या पायांना ठाऊक असतं. शेवटी मोबाइलवर फोटो घ्या, आणि तोच फोटो गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरही ठेवून या.

तपासा : नकाशात रस्त्यापासून सगळ्यात लांबचा फळिया कुठला? त्या फळियातल्या एका तरी घरी तुम्ही गेला आहात का? नसाल तर टप्पा ३ सुरू करू नका.

एखाद्या फळियाला स्वतंत्र ग्रामसभा हवी असेल, तर मध्य प्रदेशच्या २०२२ च्या पेसा नियमांत त्याची वाट आहे. ती मागणी गावातून येऊ द्या. बाहेरच्याने सुचवली की गावात 'आम्हाला फोडायला आले' असं होतं, आणि ते चुकीचंही नसतं.

## टप्पा ३ : कुठल्या दारात आधी जायचं

सरपंच आणि सचिवाला भेटल्याशिवाय गावात काम होत नाही हे खरं. पण तिथेच थांबणं म्हणजे निवडणुकीत हरलेल्या अर्ध्या गावाला वगळणं. पटेल, तडवी हे परंपरेने चालत आलेले मुखिये, देवाचं करणारा पुजारा, भांडणं मिटवणारे भांजगडिये यांचा मान वेगळा असतो. त्यांच्याकडे कागद नसतो, पण त्यांनी मान हलवली नाही तर सभेला माणसं आली तरी बोलत नाहीत. त्यांना सभेच्या दिवशी स्टेजवर बसवणं म्हणजे भेटणं नव्हे. आधी घरी जा, खाटेवर बसा, विषय सांगा आणि विचारा, 'हे बोलायचं का? बोलायचं तर कुणाकुणाशी?'

इथे एक खोच आहे. पारंपरिक पंचांमध्ये बहुतेक ठिकाणी सगळे पुरुषच असतात. ही त्यांची परंपरा आहे म्हणून आपण त्यात बोलायचं नाही, असं म्हणणारे लोक इंदुरात भेटतात. ते मला पटत नाही. पेसा नियमांतली शांती आणि विवाद निवारण समिती असो की वनहक्क समिती, दोन्हींत किमान एक तृतीयांश महिला हव्यातच. डाकण ठरवून एखाद्या बाईला छळण्याचा मामला पंचांनी दंड घेऊन मिटवायचा नसतो, तो पोलिसांचा विषय आहे. पण याचा अर्थ पहिल्याच दिवशी पंचांना स्त्री-पुरुष समानतेवर भाषण ऐकवायचं असाही नाही. पंचांना भेटा, आणि त्याच आठवड्यात बायकांची बैठक वेगळी घ्या, त्यांच्या वेळेला, पाणवठ्याजवळ किंवा अंगणवाडीत. तिथे निघालेले मुद्दे मोठ्या सभेत कोण मांडेल हे त्यांनाच ठरवू द्या. पुष्कळदा एखादी म्हातारी तयार होते, आणि तिला अडवायची कुणाची छाती नसते.

'आदिवासी' हा एक गठ्ठा समजू नका. भिल्ल, भिलाला, बारेला, पटेलिया ही नावं राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच नोंदीत लिहिलेली आहेत, पण गावात त्यांच्यात मोठं-धाकटं असतं, सोयरिकींची बंधनं असतात. भिलालांचं वजन असलेल्या गावात भिल्ल फळियातला माणूस मागच्या ओळीत उकिडवा बसतो आणि बोलत नाही. गावात बलाई, कुंभार, लोहार अशी घरंही असू शकतात. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे, हे विसरून चालत नाही.

इशारा : ठेकेदार, दुकानदार किंवा सावकार तुम्हाला उत्साहाने गाव दाखवायला आला, तर चहा घ्या, आभार माना आणि पुढचं एकट्याने फिरा. गावाला कळतं तुम्ही कुणाच्या मोटरसायकलवर आलात ते.

## टप्पा ४ : तारीख गावाच्या कॅलेंडरवरून काढा

आपली आर्थिक वर्षं मार्चला संपतात म्हणून निम्म्या सभा फेब्रुवारी-मार्चमध्ये ठासलेल्या असतात. गावाचं वर्ष वेगळं चालतं. पहिल्या पावसासोबत पेरणी. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून किंवा म्हाताऱ्यांवर सोडून माणसं गुजरातेत, सुरत-बडोदा-मोरबीकडे, नाहीतर इथेच इंदुरात बांधकामावर. होळीच्या आधी भगोरियाला, म्हणजे इथल्या आदिवासींच्या हाट-उत्सवाला, सगळे परततात. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं वेचायची असतात, त्यानंतर लग्नं. म्हणजे सगळं गाव हमखास सापडण्याचे काळ दोनच, भगोरिया-होळीच्या आसपासचे दिवस आणि पेरणी उरकल्यानंतरचे काही आठवडे. त्यातही भगोरियाच्या हाटाच्या दिवशी सभा ठेवणारा माणूस मला अजून कळलेला नाही.

आठवड्याच्या हाटाचा वारही टाळायचा. निरोप द्यायला मात्र हाटासारखी जागा नाही. फळियाफळियातली माणसं तिथे येतात, आणि तारीख तोंडी पसरते. दवंडी कोटवाराकडून (गावच्या चौकीदाराकडून) देववा आणि ती प्रत्येक फळियात गेली की नाही हे दुसऱ्या दिवशी विचारा. पंचायतीच्या भिंतीवर नोटीस चिकटवून 'पूर्वसूचना दिली' म्हणणं कागदावर चालेल, माणसं येणार नाहीत.

बाहेर गेलेल्यांचं काय? ते मतदारयादीत आहेत, म्हणजे सभेचे सदस्य आहेत. बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांची माहिती ग्रामसभेला मिळावी अशी तरतूद मध्य प्रदेशच्या पेसा नियमांत आहे. ती यादी बनलेली असेल तर मागा, नसेल तर बनवायला हे चांगलं निमित्त आहे. महत्त्वाचा विषय असेल तर यादीतल्या लोकांना फोनवर विषय सांगा आणि त्यांचं म्हणणं घरच्या माणसाकडून सभेत मांडून घ्या. इंदुरातल्या मजूर चौकात सकाळी सात वाजता उभं राहिलात तर तुमच्याच गावातली चार माणसं भेटण्याची शक्यता बरीच आहे. तिथे दहा मिनिटं बोलणं पंचायत भवनातल्या दोन तासांपेक्षा उपयोगी पडतं.

तपासा : कुठल्या कायद्याखाली सभा आहे त्यानुसार गणपूर्ती (कोरम) बदलते. वनहक्काच्या विषयात ग्रामसभेच्या किमान निम्म्या सदस्यांची हजेरी लागते, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात, आणि दाव्यांवर ठराव असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. अर्धं गाव मोरबीला असताना हे जमणारच नाही. मग अंगठे नंतर घरोघरी फिरून घेतले जातात, आणि तिथेच खोट्या ठरावाची सुरुवात होते.

## टप्पा ५ : भाषा आणि दुभाषा

आपल्याला वाटतं हिंदी सगळ्यांना कळते. हाटात भाव करण्यापुरती कळते. 'गौण वनोपज', 'अनापत्ती', 'हस्तांतरण' असली हिंदी बायकांना आणि म्हाताऱ्यांना सोडाच, दहावी झालेल्या पोरालाही नीट कळत नाही. झाबुआची भिली, अलीराजपूरची भिलाली आणि बडवानीच्या पाटी भागातली बारेली यांत फरक आहे. झाबुआचा कार्यकर्ता पाटीला दुभाषा म्हणून नेणं ही कामचलाऊ सोय आहे, एवढंच.

दुभाष्या निवडताना या गोष्टी पाहा. तो त्या गावचा किंवा शेजारच्या गावचा असावा. विषयात त्याचा पैशाचा संबंध नसावा. सचिव, पेसा मोबिलायझर (पेसाच्या कामासाठी पंचायतीत नेमलेला कार्यकर्ता) किंवा ठेकेदाराचा मुनीम नसावा. तो माणूस चांगला असेलही, पण लोक त्याच्यासमोर मोकळं बोलत नाहीत. शक्य असेल तर एक पुरुष आणि एक बाई अशी जोडी ठेवा. त्यांना सभेच्या आदल्या दिवशी विषय पूर्ण समजावून सांगा आणि दिवसाचे पैसे द्या. दुभाष्याचं काम फुकटात करून घेणं ही इंदूरच्या संस्थांची जुनी सवय आहे.

मग उलट तपासणी. दुभाष्याने विषय सांगितला की ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तरी, दुभाष्याला नव्हे, 'काय कळलं ते सांगा' म्हणून विनंती करा, आणि दुसऱ्याच माणसाकडून ते हिंदीत ऐका. 'वनसमितीला जंगल सांभाळायचा हक्क' याचं 'वनखातं जंगल घेणार' असं झालेलं अनेकदा इथेच पकडलं जातं.

कागद हिंदीत हवाच, पण तोच गावच्या बोलीत पाच-सात मिनिटांच्या आवाजी फायलीत बोलून घ्या आणि सभेच्या आठ-पंधरा दिवस आधी गावातल्या मोबाइलवर पाठवा. त्यात फायदे जितका वेळ सांगाल तितकाच वेळ तोटे सांगा. तोटे सांगताना आवाज खाली जातो का, हे स्वतः ऐकून बघा.

## टप्पा ६ : सभा, आणि सभेच्या आधीची सभा

एकाच बैठकीत विषय मांडून त्याच बैठकीत निर्णय घेणं हा सगळ्या चुकांचा बाप आहे. निदान दोन बैठका करा, मध्ये काही दिवस जाऊ द्या. पहिल्या बैठकीत फक्त समजून घ्यायचं. हात वर करणं नाही, सही नाही, अंगठा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा गावाने अभ्यासगट आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी ठेवली, आणि निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घ्यायचा पायंडा पाडला. आपल्या गावांना ते जसंच्या तसं उचलायची गरज नाही, पण समजून घेणं आणि ठरवणं वेगवेगळ्या दिवशी व्हावं, एवढं त्यातून घ्यावं. मधल्या दिवसांत गाव शेतावर, पाणवठ्यावर, ताडीच्या झाडाखाली बोलत राहतं. तीच खरी चर्चा, आणि तिथे तुम्ही नसावं.

दुसऱ्या बैठकीचा क्रम साधारण असा ठेवा.

१. जागा बघा. पंचायत भवनात खुर्च्या अधिकाऱ्यांना आणि सतरंजी गावाला, अशी मांडणी असेल तर खुर्च्या उचलून सगळ्यांनी खाली बसावं, किंवा सभा झाडाखाली न्यावी. बायका दाराबाहेर, पदर ओढून पाठमोऱ्या बसल्या असतील तर त्यांना 'आत या' म्हणून ओरडू नका. सभाच बाहेर आणा.

२. अध्यक्ष निवडा. मध्य प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेचं अध्यक्षस्थान अनुसूचित जमातीच्या सदस्याकडे असतं, आणि तो सरपंच, उपसरपंच किंवा पंच नसावा. हा नियम सरपंचांना आवडत नाही म्हणून विसरला जातो. निवड झाल्यावर नाव तिथल्या तिथे नोंदवा.

३. टप्पा १ मधलं उत्तर मोठ्याने सांगा. गावाने नाही म्हटलं तर काय होईल, कोण थांबवेल, तुमचा त्यात पगार किंवा प्रकल्प आहे का, हे सगळं.

४. पहिल्या बैठकीतले प्रश्न एकेक करून घ्या. ज्यांची उत्तरं आणलेली नाहीत ते प्रश्न उघड सांगा.

५. बोलण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी लांबचे फळिये आणि बायका, मग तरुण, मग पटेल-सरपंच. बाहेरचे शेवटी, आणि विचारलं तरच. पटेल आधी बोलला की बाकीच्यांचं बोलणं संपतं.

६. थांबा. बिडी, पाणी, उठबस होऊ द्या. लोक आपापल्या फळियाच्या घोळक्यात उभे राहून बोलतात. इथे घड्याळ बघणारा माणूस पुढच्या वेळी आणू नका.

७. मग विचारा, आणि तीन उत्तरं ठेवा : हो, नाही, पुढे ढकला.

इशारा : शांतता म्हणजे होकार नाही. 'ठीक है साब' हेही होकार नाही. ते तुम्हाला वाटेला लावण्याचं सभ्य वाक्य असू शकतं. गावाच्या रीतीत होकार कसा दिला जातो हे टप्पा ३ मध्ये पटेलाला विचारून ठेवा.

पोलीस, वनरक्षक किंवा कंपनीचा माणूस हजर असेल तर अध्यक्षाने त्यांना माहिती देऊन झाल्यावर बाहेर बसायला सांगावं. सांगायला जड जातं, म्हणून आदल्या दिवशीच त्यांना फोन करून कल्पना द्या.

## टप्पा ७ : ठराव लिहिणं

एवढं सगळं नीट करूनही इथे घसरतात, कारण संध्याकाळ झालेली असते आणि सचिवाला शेवटची बस धरायची असते. रजिस्टर त्याच्या हातात असतं. तो सवयीने एक ओळ लिहितो : 'सर्व ग्रामस्थांनी एकमताने प्रस्तावास मंजुरी दिली.' खाली अर्धं पान कोरं, मग अंगठ्यांच्या रांगा. त्या कोऱ्या अर्ध्या पानात पुढे काय काय लिहिता येतं याचा विचार करा.

ठराव हिंदीत लिहिला जाईल, पण त्यात हा मजकूर असलाच पाहिजे : 'आज दिनांक ____ रोजी ____ फळियात ग्रामसभा झाली. अध्यक्ष ____. मतदारयादीतले सदस्य ____, हजर ____, त्यांपैकी महिला ____. गावाबाहेर कामाला गेलेले ____. विषय बोलीत ____ यांनी समजावला. चर्चेत हे आक्षेप आले : ____. ग्रामसभा या अटींवर ____ ला संमती देते / देत नाही / विषय ____ पर्यंत पुढे ढकलते. अट मोडल्यास ही संमती रद्द समजावी.'

आक्षेपाची ओळ कधीही गाळू नका. एका माणसाचा आक्षेप असला तरी त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांच्या जवळ राहून लिहा. 'काही जणांनी शंका उपस्थित केल्या' असं लिहिणं म्हणजे न लिहिणं. 'चराईचा रस्ता बंद झाल्यास गुरं कुठे न्यायची याचं उत्तर मिळालं नाही', असं लिहा.

मग पूर्ण ठराव बोलीत वाचून दाखवा. वाचणारा आणि लिहिणारा वेगळा असावा. दुरुस्त्या येतील, त्या खोडून आणि बाजूला सही करून घ्या. नवीन पान घेऊ नका. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा, कोरी जागा तिरक्या रेघेने बंद करा, आणि त्यानंतरच सह्या-अंगठे. अंगठ्यापुढे नाव आणि फळिया लिहा. हजेरीचं पान आणि ठरावाच्या सह्यांचं पान वेगळं ठेवा, म्हणजे नुसता आलेला माणूस आपोआप होकार देणारा ठरत नाही.

तपासा : उठण्यापूर्वी ठरावाच्या प्रत्येक पानाचा फोटो गावातल्या तीन वेगवेगळ्या फळियांतल्या मोबाइलवर गेला का?

## टप्पा ८ : बैठक इंदुरात असेल तर

कधी धोरणाचा मसुदा असतो, कधी अभ्यासगट, आणि प्रतिनिधींना इंदुरात बोलवावं लागतं. अलीराजपूर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अकरा वाजताच्या बैठकीला पोचायचं तर माणूस पहाटे अंधारात निघतो किंवा आदल्या रात्री येतो. त्यामुळे मुक्काम, जेवण, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी हे सगळं रोख आणि त्याच दिवशी द्यायचं. 'बिल पाठवा, खात्यात टाकू' हे प्राध्यापकाला चालतं, मजुरी बुडवून आलेल्या बाईला नाही. जागा गंगवाल बसस्थानकापासून सहज पोचता येईल अशी घ्या. विजय नगरच्या वातानुकूलित हॉलसाठी माणसांना शहरभर फिरवू नका.

एका गावातून एकटा प्रतिनिधी कधीच बोलवू नका. निदान तिघं, त्यात निदान एक बाई. एकटा आला की तो सगळ्या समाजाच्या वतीने बोलायला भाग पडतो, आणि परत गेल्यावर 'तिथे काय कबूल करून आलास?' याला त्याच्याकडे साक्षीदार नसतो. प्रतिनिधी निवडायचा गावाने. 'मागच्या वेळी छान बोलला होता तो' असं म्हणून आपण निवडला की तो आपला प्रतिनिधी होतो.

कार्यक्रमपत्रिका बघा. ढोल-मांदळ आणि नाच उद्घाटनाला, तज्ज्ञांची सत्रं सकाळी, आणि 'समुदायाचे अनुभव' चार वाजता, चहाच्या वेळी? हे उलटं करा. त्यांना पहिलं सत्र द्या, तज्ज्ञांनी त्यावर बोलावं. नाच गावाने आपणहून ठेवला तर उत्तम, पण बोलावण्याच्या अटीत तो नको. आणि मसुदा समितीत त्यांना जागा नसेल, तर बैठकीला 'सहभागी' हे विशेषण लावू नका.

फोटो, नाव, रेकॉर्डिंग यांची परवानगी वेगवेगळी घ्या. भूसंपादनाविरुद्ध बोललेल्या माणसाचा फोटो आणि गावाचं नाव अहवालात छापलं, तर त्याचा त्रास त्याला गावात भोगावा लागतो.

## टप्पा ९ : नकार आला किंवा विषय पुढे ढकलला तर

या टप्प्याची तयारी जवळजवळ कुणीच करत नाही, कारण नकार येईल असं धरूनच चाललेलं नसतं.

नकाराचा ठराव होकाराइतक्याच काळजीने लिहा, त्याच रजिस्टरात, तशाच आकड्यांसह आणि कारणांसह. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराळ भागात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ठिकाणी खाणीला नकार आला. ते नकार टिकले, कारण ते रीतसर सभेत, जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली नोंदवलेले होते. तोंडी नकार साहेब बदलला की विरून जातो.

ठरावाची प्रत ज्या कार्यालयाला द्यायची तिथे पोच घेऊन द्या आणि पोचेचा फोटो गावाला पाठवा. तोच विषय महिन्याभरात नवं नाव देऊन परत आणू नका, आणि नाही म्हणणाऱ्या फळियाला वगळून बाकीच्यांची वेगळी सभा लावू नका. परत विचारायचं असेल तर काय बदललं ते आधी लेखी पाठवा, आणि कधी विचारायचं ते गावाला ठरवू द्या. पुढे ढकललेल्या विषयाला ठरावात तारीख घातली असेल, तर त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी दुभाष्याला फोन करा, उरलेल्या प्रश्नांची उत्तरं बोलीत रेकॉर्ड करून पाठवा, आणि टप्पा ४ मधली यादी पुन्हा काढून कोण कोण गावात परतलंय ते बघा.